विश्लेषण : एका क्वार्टरबॅकवर अख्खा संघ तरतो की बुडतो? एनएफएलमधील सर्वांत महागड्या जागेचे गणित काय?

अमेरिकन फुटबॉलमध्ये विजयाचे श्रेय आणि पराभवाचे खापर बहुतेकदा एकाच खेळाडूच्या वाट्याला येते. वर्षाला सहा कोटी डॉलरपर्यंत कमावणारा हा क्वार्टरबॅक खरोखर तितका मोलाचा आहे, की संघ त्याच्या नावावर जुगार खेळतात?

२०१० च्या हंगामात इंडियानापोलिस कोल्ट्स संघाने १६ पैकी १० सामने जिंकले. पुढच्याच हंगामात या संघाला १६ पैकी केवळ दोन सामने जिंकता आले. पहिला विजय मिळाला तोही सलग १३ पराभवांनंतर. एका सामन्यात तर न्यू ऑर्लिन्स सेंट्सने त्यांचा ६२-७ असा धुव्वा उडवला. या दोन हंगामांतील सर्वांत मोठा फरक म्हणजे एका माणसाची मान. १९९८ पासून १३ हंगामांत एकही साखळी सामना न चुकवलेला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियेमुळे २०११ चा संपूर्ण हंगाम बाहेर बसला होता.

क्वार्टरबॅकचे महत्त्व सांगताना अमेरिकेत हा दाखला हमखास दिला जातो. पण मॅनिंगची कहाणी इथे थांबत नाही. २०१३ मध्ये डेन्व्हर ब्राँकोजकडून खेळताना त्याने एका हंगामात ५५ टचडाऊन पास फेकण्याचा विक्रम केला, आणि त्याच हंगामाच्या शेवटी सुपर बोलमध्ये त्याचा संघ ४३-८ असा हरला. २०१५ मध्ये तो कारकिर्दीतील सर्वांत वाईट हंगाम खेळला, आणि त्या वर्षी त्याचा संघ विजेता ठरला. खेळाडू एकच, निष्कर्ष मात्र उलटसुलट. क्वार्टरबॅक नेमका किती महत्त्वाचा, याचे उत्तर या तीन हंगामांकडे एकत्र पाहिल्याशिवाय मिळत नाही.

क्वार्टरबॅक म्हणजे नेमके कोण?

आपल्याकडे फुटबॉल म्हटले की मेसी-रोनाल्डो आठवतात. अमेरिकेतील फुटबॉल हा वेगळा खेळ आहे. लंबगोल चेंडू, हेल्मेट, खांद्यांवर जाड पॅड आणि १०० यार्डांचे मैदान. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमध्ये ३२ संघ आहेत. प्रत्येक संघात ५३ खेळाडू असतात, पण मैदानात एका वेळी ११ जणच उतरतात. आक्रमण करणारे ११ वेगळे आणि बचाव करणारे ११ वेगळे. चेंडू आपल्याकडे आला की आक्रमणाची तुकडी आत येते, चेंडू गेला की ती बाहेर जाते.

आक्रमक संघाला किमान १० यार्ड पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्नाला ‘डाऊन’ म्हणतात. चार डाऊनमध्ये १० यार्ड झाले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात, नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेला की टचडाऊनचे सहा गुण मिळतात.

यातील जवळजवळ प्रत्येक डाऊनची सुरुवात एकाच प्रकारे होते. मधला खेळाडू दोन पायांमधून चेंडू मागे देतो आणि तो क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो धावणाऱ्या साथीदाराकडे द्यायचा, लांब पळत सुटलेल्या रिसीव्हरकडे फेकायचा की स्वतः घेऊन पळायचे, याचा निर्णय त्याचा. एका सामन्यात एका संघाच्या वाट्याला अशा साठेक चाली येतात. क्रिकेटमध्ये विराट कोहली बाद झाला की उरलेला डाव इतर फलंदाज खेळतात. जसप्रीत बुमरालाही टी-ट्वेंटीत चारच षटके टाकता येतात. क्वार्टरबॅकला अशी सुटका नाही.

एका चालीत तो नेमके काय करतो?

टीव्हीवर आपल्याला चेंडू फेकणारा हात दिसतो. खरे काम त्याआधी सुरू झालेले असते. दोन चालींमध्ये साधारण ४० सेकंदांचा अवधी असतो. १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. त्यावरून प्रशिक्षक पुढची चाल सांकेतिक भाषेत सांगतात. घड्याळात १५ सेकंद उरले की हा रेडिओ बंद होतो. त्यानंतर तो एकटा असतो.

मग तो समोरच्या ११ बचावपटूंची मांडणी वाचतो. कोण त्याच्या अंगावर येणार, कोण मागे राहून पास अडवणार, कोण एक दाखवून दुसरेच करणार, याचा अंदाज बांधतो. ठरलेली चाल चालणार नाही असे वाटले, तर तो तिथेच उभ्या उभ्या ती बदलतो आणि ओरडून दहा साथीदारांना कळवतो. मॅनिंग हातवारे करत चाली बदलण्यासाठीच प्रसिद्ध होता.

चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पहिला रिसीव्हर मोकळा आहे का, नसेल तर दुसरा, तिसरा, हे क्रमाने पाहायचे असते. बहुतेकदा चेंडू रिसीव्हर आत्ता जिथे आहे तिथे फेकायचा नसतो. तो अर्ध्या सेकंदाने जिथे पोहोचणार आहे तिथे फेकायचा असतो. हे सगळे सव्वाशे-दीडशे किलोचे गडी अंगावर धावून येत असताना करायचे. पास प्रतिस्पर्ध्याने झेलला तर ते ‘इंटरसेप्शन’. क्वार्टरबॅकला चेंडूसह मागेच पाडले तर तो ‘सॅक’. दोन्हीची नोंद त्याच्या नावापुढे होते.

हे महत्त्व कधीपासून वाढले?

सुरुवातीची अनेक दशके हा खेळ मुख्यतः चेंडू घेऊन पळण्याचा होता. १९७८ मध्ये नियम बदलले. रिसीव्हरला पहिल्या पाच यार्डांनंतर धक्के देऊन अडवण्यास बचावपटूंना मनाई झाली. क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच जणांना, म्हणजे ‘ऑफेन्सिव्ह लाइन’ला, हात अधिक मोकळेपणाने वापरण्याची मुभा मिळाली. पास फेकणे सोपे आणि फायद्याचे झाले. १९८४ मध्ये मायामी डॉल्फिन्सच्या डॅन मरिनोने एका हंगामात ५,०८४ यार्डांचे पास फेकले. पाच हजारांचा टप्पा ओलांडणारा तो पहिला.

त्यानंतर क्वार्टरबॅकला जपणारे नियम वाढतच गेले. त्याच्या डोक्यावर, गुडघ्यावर किंवा चेंडू सोडल्यानंतर उशिरा घाव घातला तर दंड होतो. प्रेक्षकांना गुणांचा पाऊस हवा असतो आणि तो पाडणारा हात शाबूत हवा, हे लीगचे साधे अर्थकारण. परिणाम पुरस्कारांतही दिसतो. हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार क्वार्टरबॅक नसलेल्या खेळाडूला मिळाला तो २०१२ च्या हंगामात, एड्रियन पीटरसनला. त्यानंतर २०२४ पर्यंतच्या प्रत्येक हंगामात तो क्वार्टरबॅकलाच मिळाला.

गंमत म्हणजे याच मरिनोने १७ हंगामांत एकही सुपर बोल जिंकला नाही. अंतिम सामन्यापर्यंत तो एकदाच पोहोचला.

क्वार्टरबॅक बदलला की संघ बदलतो?

अभियांत्रिकीत एखाद्या घटकाचा परिणाम मोजायचा असेल, तर बाकी सगळे तसेच ठेवून तेवढा एकच घटक बदलून पाहतात. खेळात अशी प्रयोगशाळा नसते, पण कधी कधी जवळपास जाणारे प्रसंग मिळतात. कोल्ट्सचे २०११ हा त्यातला एक. दुसरा टॉम ब्रेडीचा.

ब्रेडीने न्यू इंग्लंड पेट्रियट्सला सहा सुपर बोल जिंकून दिले. २०२० मध्ये वयाच्या ४३ व्या वर्षी तो टॅम्पा बे बकनियर्सकडे गेला. आदल्या हंगामात टॅम्पाने सात सामने जिंकले होते आणि नऊ हरले होते. ब्रेडी आल्यावर त्यांनी ११ जिंकले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सला ३१-९ असे हरवून सुपर बोलही पटकावला. त्याच हंगामात पेट्रियट्सची कामगिरी होती सात विजय, नऊ पराभव.

याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा, असे वाटू शकते. पण बाकीचे घटक स्थिर नव्हते. टॅम्पाकडे आधीच दमदार रिसीव्हर होते, बचाव उत्तम होता आणि ब्रेडीपाठोपाठ इतर नामवंतही तिथे आले. पेट्रियट्सच्या अनेक खेळाडूंनी करोनामुळे त्या हंगामातून माघार घेतली होती. कोल्ट्सच्या बाबतीतही, एकटा मॅनिंग नसल्याने संघ इतका कोसळला याचा दुसरा अर्थ असा की तो संघ आतून पोखरलेला होता आणि मॅनिंग वर्षानुवर्षे ते झाकत होता.

यातून एक गोष्ट मात्र ठामपणे म्हणता येते. चांगला क्वार्टरबॅक सामान्य संघाला स्पर्धेत ठेवू शकतो. मॅनिंग २०१२ मध्ये डेन्व्हरला गेला तेव्हा आदल्या वर्षीचा ८-८ संघ १३-३ झाला. कोल्ट्सनी तळाला राहिल्यामुळे मिळालेल्या पहिल्या क्रमांकाच्या निवडीवर अँड्र्यू लक हा तरुण क्वार्टरबॅक घेतला आणि तेही दोन विजयांवरून थेट ११ वर गेले. दुसऱ्या कोणत्याही जागेवरच्या एका खेळाडूबद्दल असे सहसा सांगता येत नाही.

मग विक्रमवीर हरतो आणि थकलेला जिंकतो, ते कसे?

पुन्हा मॅनिंगकडे वळू. फेब्रुवारी २०१४ च्या सुपर बोलमध्ये विक्रमी आक्रमणासमोर सिएटल सीहॉक्सचा बचाव उभा होता. पहिल्याच चालीत चेंडू मॅनिंगच्या डोक्यावरून मागे गेला आणि सिएटलला दोन गुण मिळाले. सामना तिथून सावरलाच नाही. ज्याने वर्षभर प्रत्येक बचाव उलगडला, त्याला त्या रात्री विचार करायलाच वेळ मिळाला नाही.

दोन वर्षांनी, २०१५ च्या हंगामात, मॅनिंगने नऊ टचडाऊन पास दिले आणि त्याचे १७ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. नोव्हेंबरमध्ये त्याला एका सामन्यातून मध्येच बाहेर काढावे लागले आणि त्यापुढचे अनेक सामने राखीव क्वार्टरबॅकने खेळले. तरीही फेब्रुवारी २०१६ मध्ये डेन्व्हरने कॅरोलिना पँथर्सला २४-१० असे हरवले. त्या सामन्यात मॅनिंगने एकही टचडाऊन पास दिला नाही. सामन्याचा मानकरी ठरला बचावपटू व्हॉन मिलर. आणि ज्याला मिलर व त्याच्या साथीदारांनी पुरते जेरीस आणले, तो पँथर्सचा कॅम न्यूटन त्या हंगामातील सर्वोत्तम खेळाडू होता.

असे उदाहरण हे एकच नाही. २००० च्या हंगामात बाल्टिमोर रेव्हन्सच्या आक्रमणाला सलग पाच सामने एकही टचडाऊन करता आला नव्हता. त्यांनी क्वार्टरबॅक बदलून ट्रेंट डिल्फरला उतरवले. डिल्फरकडून चमत्काराची अपेक्षा नव्हती, फक्त चुका टाळायच्या होत्या. बचावाने १६ सामन्यांत अवघे १६५ गुण दिले आणि संघ विजेता ठरला. सुपर बोल जिंकल्यानंतरही संघाने डिल्फरला कायम ठेवले नाही. आपण कोणामुळे जिंकलो, हे त्यांना नेमके ठाऊक होते.

पैशाचे गणित काय?

इथे खरी मेख आहे. एनएफएलमध्ये प्रत्येक संघाला वेतनाची कमाल मर्यादा असते. आयपीएल लिलावात प्रत्येक संघाची थैली सारखी असते, तसेच. २०२५ साठी ही मर्यादा २७.९२ कोटी डॉलर होती. सप्टेंबर २०२४ मध्ये डॅलस काऊबॉइजने डॅक प्रेस्कॉटशी चार वर्षांचा २४ कोटी डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलर, साधारण ५०० कोटी रुपये. हिशेबाची रक्कम पुढे-मागे ढकलण्याची सोय संघांना असते. तरी सरासरी धरली तर ५३ जणांच्या थैलीतील सुमारे साडेएकवीस टक्के एका माणसाला गेले.

आयपीएलमध्ये २०२५ च्या हंगामासाठी लखनऊ सुपर जायंट्सने १२० कोटींच्या थैलीतून ऋषभ पंतवर २७ कोटी, म्हणजे साडेबावीस टक्के खर्च केले होते. पंतच्या २६९ धावा झाल्या आणि संघ सातवा आला. पैसा एका जागी गेला की दुसरीकडे भोक पडते, हे आपल्याला नवीन नाही.

एनएफएलमध्ये हे भोक कुठे पडते, ते सिनसिनाटी बेंगल्सने २०२४ मध्ये दाखवले. वर्षाला सरासरी साडेपाच कोटी डॉलर घेणाऱ्या जो बरोने त्या हंगामात लीगमधील सर्वाधिक ४,९१८ यार्ड आणि सर्वाधिक ४३ टचडाऊन पासची नोंद केली. क्वार्टरबॅककडून याहून जास्त काय मागायचे? पण बचाव इतका ढिला होता की संघ ९-८ वर अडकला आणि बाद फेरीलाही मुकला.

याच्या उलट स्वस्तातल्या क्वार्टरबॅकची जादू. २०११ च्या कामगार करारानंतर नवोदितांच्या पगाराला लगाम बसला. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७.८ कोटी डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्या वर्षी त्याच क्रमांकावरच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी २.२ कोटी मिळाले. त्यामुळे ज्या संघाला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवोदितांच्या वार्षिक निवडीत, चांगला क्वार्टरबॅक सापडतो, त्याच्याकडे काही वर्षे बाकीच्या जागा भक्कम करायला भरपूर पैसा उरतो. मॅनिंगला ४३-८ ने हरवणाऱ्या सिएटलचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन ड्राफ्टच्या तिसऱ्या फेरीत निवडला गेला होता आणि त्याचा वार्षिक पगार दहा लाख डॉलरपेक्षा कमी होता. तो बलाढ्य बचाव संघाला परवडला, त्यात या बचतीचा मोठा वाटा होता.

हव्यासापोटी संघ किती मोजतात?

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सनी ट्रे लान्स या तरुण क्वार्टरबॅकसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी पणाला लावल्या. पुढच्या वर्षी ड्राफ्टच्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर त्यांनी ब्रॉक पर्डी नावाचा आणखी एक क्वार्टरबॅक घेतला. दुखापतींमुळे पर्डीला संधी मिळाली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तोच संघाला सुपर बोलपर्यंत घेऊन गेला. लान्स या संघाकडून सुरुवातीचा क्वार्टरबॅक म्हणून चारच सामने खेळला आणि चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात गेला.

क्लीव्हलँड ब्राऊन्सचा सौदा याहून महाग पडला. २०२२ मध्ये त्यांनी डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी दिल्या आणि वर २३ कोटी डॉलरचा पूर्ण हमीचा करार केला. लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांवरून झालेले ११ सामन्यांचे निलंबन आणि नंतरच्या दुखापती यामुळे पहिल्या तीन हंगामांत तो १९ सामनेच खेळला. त्याच्यासाठी ज्या बेकर मेफिल्डला संघाने वाऱ्यावर सोडले, त्याने टॅम्पाकडून २०२४ मध्ये ४१ टचडाऊन पास दिले.

माणसे पारखण्यातील चूक नेहमी केवळ खेळापुरती नव्हती, हेही सांगायला हवे. ही ‘डोक्याने खेळायची’ जागा कृष्णवर्णीयांना झेपणार नाही, हा पूर्वग्रह एनएफएलमध्ये अनेक दशके होता. वॉरन मूनला १९७८ मध्ये कोणत्याही संघाने निवडले नाही. तो सहा वर्षे कॅनडात खेळला आणि पुढे एनएफएलमध्ये येऊन हॉल ऑफ फेममध्ये पोहोचला. जानेवारी १९८८ मध्ये डग विल्यम्स सुपर बोल जिंकणारा पहिला कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक ठरला. दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीय क्वार्टरबॅक असलेला पहिला सुपर बोल पाहायला २०२३ साल उजाडावे लागले.

तरुण क्वार्टरबॅक अपयशी ठरतात, की संघ?

माझ्या मते क्वार्टरबॅकच्या अतिमहत्त्वाची सर्वांत मोठी किंमत पैशात मोजता येत नाही. ती २१-२२ वर्षांची मुले मोजतात. ड्राफ्टमध्ये सर्वांत वाईट संघाला पहिली निवड मिळते. म्हणजे सर्वांत गुणवान मुलगा बहुधा सर्वांत मोडकळीस आलेल्या संघात जातो आणि त्याच्याकडून पहिल्या दिवसापासून तारणहार होण्याची अपेक्षा केली जाते.

२००२ मध्ये नव्यानेच स्थापन झालेल्या ह्यूस्टन टेक्सन्सने डेव्हिड कारला पहिल्या क्रमांकावर घेतले. समोर रक्षणाची भिंतच नव्हती. त्या एका हंगामात तो ७६ वेळा सॅक झाला. हा विक्रम आहे. २०२३ मध्ये कॅरोलिना पँथर्सनी ब्राइस यंगसाठी पुढच्या वर्षांच्या निवडी तर दिल्याच, पण आपला सर्वोत्तम रिसीव्हर डी. जे. मूरही शिकागो बेअर्सला देऊन टाकला. म्हणजे पास फेकणारा आणला आणि पास झेलणारा घालवला! यंग ६२ वेळा सॅक झाला, संघ १७ पैकी दोन सामने जिंकला, प्रशिक्षकाची हकालपट्टी हंगामाच्या मध्यातच झाली. पुढच्या हंगामात दोन सामन्यांनंतर यंगला बाकावर बसवण्यात आले. त्याच वर्षी पुन्हा संधी मिळाल्यावर मात्र त्याचा खेळ सुधारला.

याची दुसरी बाजू सॅम डार्नल्डने दाखवली. २०१८ मध्ये न्यूयॉर्क जेट्सने त्याला तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि तीन वर्षांत सोडून दिले. कॅरोलिनातही जम बसला नाही. २०२४ मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्जने त्याला एका वर्षासाठी घेतले. तिथे चांगले प्रशिक्षक होते, जस्टिन जेफरसनसारखा रिसीव्हर होता. डार्नल्डने ३५ टचडाऊन पास दिले आणि संघाने १७ पैकी १४ सामने जिंकले. मग बाद फेरीत रक्षणाची फळी कोसळली, तो नऊ वेळा सॅक झाला आणि संघ २७-९ ने हरला. एकाच हंगामात दोन्ही धडे. तरीही सिएटलने त्याला तीन वर्षांसाठी दहा कोटी डॉलरहून अधिकचा करार दिला. सहा वर्षांत मुलगा बदलला असेलच, पण त्याच्याभोवतीचे सगळे त्याहून अधिक बदलले होते.

पॅट्रिक महोम्सची वाट सुरुवातीपासून वेगळी होती. २०१७ मध्ये चीफ्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतले, पण संघात अनुभवी ॲलेक्स स्मिथ होता आणि संघ बाद फेरीच्या तोडीचा होता. महोम्सला जवळपास वर्षभर बाजूला बसून शिकता आले. पुढच्या हंगामात त्याने ५० टचडाऊन पास दिले आणि तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्यानंतर तीन सुपर बोल. तो विलक्षण आहे यात शंका नाही. पण विलक्षण असण्याआधी शिकायला मिळालेले ते एक वर्ष किती मोलाचे होते, हा प्रश्न कार आणि यंग यांच्याकडे पाहताना टाळता येत नाही.

महोम्ससुद्धा एकटा पुरला का?

नाही. फेब्रुवारी २०२१ च्या सुपर बोलमध्ये चीफ्सचे रक्षक फळीतील दोन्ही टोकांचे नेहमीचे खेळाडू जायबंदी होते. महोम्स रात्रभर पळत राहिला आणि संघाला एकही टचडाऊन करता आला नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तेच पुन्हा घडले. सलग तिसऱ्या विजेतेपदाच्या शोधात आलेले चीफ्स मध्यंतराला २४-० ने मागे होते. फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला सहा वेळा सॅक केले. महत्त्वाचे म्हणजे त्यासाठी त्यांना जादा माणसे पुढे पाठवावी लागली नाहीत. चौघांच्या हल्ल्याने काम भागले आणि उरलेले सात जण पास अडवायला मागे राहिले. सामना ४०-२२ असा संपला. सामन्याचा मानकरी ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स ठरला आणि तो उत्तम खेळलाही. पण सामना जिंकला गेला तो दोन्ही संघांच्या फळ्या जिथे एकमेकींना भिडतात तिथे.

मग संघांनी करायचे काय?

‘क्वार्टरबॅक इतका महत्त्वाचा नाही’ असा निष्कर्ष यातून काढणे चूक ठरेल. डिल्फरसारखी उदाहरणे लक्षात राहतात, कारण ती दुर्मीळ आहेत. ब्रेडी आणि महोम्स या दोघांच्या नावावरच दहा सुपर बोल विजेतेपदे आहेत. चांगल्या क्वार्टरबॅकविना एखादा हंगाम जिंकता येतो. दशकभर जिंकत राहणे जवळजवळ अशक्य आहे.

चूक आहे ती क्रमात. आधी क्वार्टरबॅक आणू, बाकीचे तो बघून घेईल, या समजुतीने संघ बुडतात. पाच जणांची भक्कम रक्षक फळी, किमान एक-दोन भरवशाचे रिसीव्हर आणि स्थिर प्रशिक्षक हे आधी हवे. मग तरुण खेळाडू आणावा आणि शक्य असेल तर त्याला काही काळ शिकू द्यावे. आणि मोठ्या कराराची वेळ आली की एकच प्रश्न विचारावा : भोवतालचे खेळाडू कमी झाल्यावरही हा मुलगा असाच खेळेल का? उत्तर ‘होय’ असेल असे क्वार्टरबॅक कोणत्याही काळात मोजकेच असतात. किंमत मात्र त्याहून कितीतरी जास्त जणांना त्यांच्या बरोबरीने दिली जाते.

यावर संघचालकांचे उत्तर असते की, थांबायला वेळ कुणाकडे आहे? दोन-तीन वाईट हंगामांत त्यांची स्वतःची नोकरी जाते आणि तयार क्वार्टरबॅक बाजारात क्वचितच येतो. ही अडचण खरी आहे. पण घाईने निवडलेला मुलगा आणि त्याला निवडणारा प्रशिक्षक दोघेही वर्षभरात उद्ध्वस्त होत असतील, तर त्या घाईने कुणाचेच भले झालेले नाही.

भारतात सुपर बोल सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. पुढच्या वेळी तो पाहिलात, तर पहिल्या काही चालींत चेंडू फेकणाऱ्याकडे पाहू नका. त्याच्या पुढ्यात उभ्या असलेल्या पाच धिप्पाड खेळाडूंकडे पाहा. ते तीन सेकंद टिकत असतील, तर क्वार्टरबॅक नक्कीच ग्रेट दिसेल.